एका प्रेमगीताची वहिवाट

लोकप्रिय प्रेमगीताविषयी आपल्या सुशिक्षित समाजात एक मत रूढ होऊन बसले आहे. हा प्रकार क्षणजीवी आहे. तारुण्याच्या भरात तो कानाला गोड लागतो, नभोवाणीवर आणि लग्नमंडपात काही काळ वाजतो आणि नवी गाणी आली की विस्मृतीत जातो, असे हे मत आहे. ख्याल टिकतो, अभंग टिकतो; प्रेमगीत मात्र सकाळी उमलून सायंकाळी कोमेजते, असे म्हणण्यात आपल्या अभिरुचीचा गौरव होतो अशीही आपली समजूत असते. वकिलीच्या व्यवसायामुळे आम्हांस एक खोड जडली आहे. एखादे मत फार दिवस, फार लोकांकडून आणि फार निःशंकपणे मांडले जाऊ लागले की, त्याचा पुरावा मागावासा वाटतो. या मताचा पुरावा आम्ही शोधू लागलो तेव्हा बरेच साक्षीदार विरुद्ध बाजूनेच उभे असलेले दिसले. त्यांपैकी एकाची साक्ष येथे सविस्तर नोंदवावी, असा आमचा विचार आहे.

हा साक्षीदार म्हणजे ‘अनचेन्ड मेलडी’ हे इंग्रजी गीत. १९५५ साली अमेरिकेत ते जन्मास आले. ब्रिटनमधील ध्वनिमुद्रिकांच्या खपाच्या यादीत या एकाच गीताने चार वेळा अग्रस्थान पटकावले आणि तेही चार निरनिराळ्या गायकांच्या मुखातून. १९५५ साली जिमी यंग, १९९० साली ‘रायचस ब्रदर्स’ ही जोडी, १९९५ साली रॉब्सन ग्रीन आणि जेरोम फ्लिन, आणि २००२ साली गॅरेथ गेट्स. पहिल्या आणि चौथ्या विजयात सत्तेचाळीस वर्षांचे अंतर आहे. जिमी यंग यांची तबकडी ज्यांनी विकत घेतली, त्यांची नातवंडे गेट्स यांच्या श्रोत्यांत सहज असू शकतील. क्षणजीवी म्हणून ज्याची बोळवण करावयाची, ते गीत तीन पिढ्यांच्या दारात पुन्हा पुन्हा येऊन उभे राहते आणि प्रत्येक वेळी त्याला घरात घेतले जाते, याचा अर्थ काय लावावयाचा? ही केवळ बाजाराची किमया, की गतकाळाची हळहळ, की आणखी काही?

उत्तर शोधण्यासाठी मुळापासून आरंभ केला पाहिजे. ‘अनचेन्ड’ या नावाचा एक बोलपट १९५५ साली निघाला. त्याचे कथानक कॅलिफोर्नियातील चिनो येथील तुरुंगात घडते. नेहमीच्या तुरुंगापेक्षा तेथील बंदोबस्त सैल. पळून जाणे तुलनेने सोपे. तेव्हा पळावे, की शिक्षा पुरी भोगून उजळ माथ्याने पत्नीकडे परतावे, हा त्यातील कैद्यापुढचा पेच. या चित्रपटासाठी संगीत दिले अलेक्स नॉर्थ यांनी आणि शब्द लिहिले हाय झॅरेट यांनी. चित्रपटात ते गीत एका कैद्याच्या भूमिकेत टॉड डंकन यांनी गायिले. गर्श्विन यांच्या ‘पोर्गी अँड बेस’ या संगीतिकेत १९३५ साली पोर्गीची भूमिका सर्वप्रथम साकारणारे हेच ते कृष्णवर्णीय गायक.

गीतकार झॅरेट यांच्याविषयी आम्हांस विशेष आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. ते कायद्याचे पदवीधर होते. काही काळ वकिली करून ते गीतरचनेकडे वळले. त्यांची जी हकीकत सांगितली जाते ती मोठी बोलकी आहे. गीताची मागणी आली तेव्हा ते आपले घर रंगविण्यात गुंतले होते आणि प्रथम त्यांनी नकारच दिला. पुढे ते तयार झाले. पण निर्मात्याने चित्रपटाचे नाव, म्हणजे ‘अनचेन्ड’ हा शब्द, गीतात गुंफण्याची सूचना केली, ती त्यांनी मानली नाही. आजही ते गीत तपासून पाहावे: शीर्षकातील तो शब्द गीतात कोठेही येत नाही. तुरुंग नाही, साखळी नाही, पहारेकरी नाही, गुन्हा नाही. उरते एवढेच की, कोणी एक जण दीर्घकाळ कोणापासून तरी दुरावला आहे, स्पर्शासाठी भुकेला आहे, काळ त्याच्यासाठी अतिशय मंद गतीने सरकतो आहे आणि आपण परतेपर्यंत ते दुसरे माणूस आपले राहील काय, ही धास्ती त्याच्या मनात आहे. मधल्या कडव्यात नद्या समुद्राकडे निघालेल्या आहेत, त्याही एकट्याच.

आमच्या मते, या गीताच्या दीर्घायुष्याचे बीज या नकारात आहे. झॅरेट यांनी निर्मात्याचे ऐकले असते तर ते गीत चिनोच्या आवारातच अडकून पडले असते आणि चित्रपटाबरोबर विसरले गेले असते. प्रसंग काढून घेतल्यामुळे प्रसंगाची जागा मोकळी राहिली. त्या मोकळ्या जागेत सरहद्दीवरचा शिपाई येऊन बसतो, परदेशी गेलेला खलाशी येऊन बसतो, विधवा येऊन बसते आणि वसतिगृहातील विद्यार्थीही येऊन बसतो.

ही गोष्ट आपल्या परंपरेस नवीन नाही. जात्यावरची ओवी अशीच मोकळी जागा ठेवून रचलेली असते. एक ओवी एका गावातून दुसऱ्या गावात जाते, सासुरवाशिणीबरोबर घाट उतरते, नदी ओलांडते आणि प्रत्येक बाई तीत आपल्या भावाचे, आपल्या बाळाचे नाव घालते. शब्द उसने असतात, आठवण स्वतःची असते. येथे कोणी असा आक्षेप घेईल की, उसन्या शब्दांत सांगितलेली माया खरी कशी मानावयाची? आमचा उलट प्रश्न आहे: उसन्या शब्दांवाचून माया सांगणारी माणसे जगात किती निघतील? प्रत्येकाने आपल्या प्रेमासाठी भाषा नव्याने घडवावी अशी अपेक्षा केली, तर शेकडा नव्वद माणसांना आयुष्यभर मुकेच राहावे लागेल. प्रेमगीताचे खरे कार्य मुक्याला वाचा देण्याचे आहे. आणि हे कार्य हलके मानणाऱ्याने मुकेपणाचे दुःख पाहिलेले नसावे.

मात्र मोकळी जागा म्हणजे पोकळी नव्हे. कोणतेही ढोबळ, निराकार शब्द चाल लावून गायिल्याने टिकतात असे नाही. तसे असते तर दर वर्षी शेकडो गीते अमर झाली असती. या गीताची रचनाच वाट पाहण्याची आहे. चाल खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखी सुरू होते. घाई करीत नाही. आणि ताणता ताणता वर चढते. जे शब्दांत सांगितले आहे की काळ सरकत नाही, तेच चालीत प्रत्यक्ष अनुभवास येते. नॉर्थ हे गंभीर प्रकृतीचे चित्रपट-संगीतकार होते. १९५१ सालच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’चे संगीत त्यांचेच. ऑस्कर पारितोषिकासाठी त्यांचे नाव पंधरा वेळा सुचविले गेले आणि एकदाही ते त्यांना लाभले नाही; १९८६ साली सन्मानार्थ एक पारितोषिक देण्यात आले. असा मनुष्य सर्वसामान्यांच्या ओठी राहिला तो या एका गीतामुळे, हा योग विचार करण्याजोगा आहे.

आता गीताच्या फेरजन्मांकडे वळू. चित्रपट निघाला त्याच वर्षी या गीताच्या कितीतरी तबकड्या बाजारात आल्या. लेस बॅक्स्टर यांनी ते वाद्यवृंद आणि वृंदगान यांच्या थाटात सादर केले. जन्मांध गायक अल हिब्लर यांनी ते आपल्या भरदार आवाजात गायिले. रॉय हॅमिल्टन यांनी त्याला प्रार्थनेचा ताण दिला. आणि इंग्लंडात जिमी यंग पुढे आले. एकाच गीतावर एकाच वर्षी इतक्या जणांनी हक्क सांगावा हे नवल वाटेल. परंतु त्यामागे कायद्याची एक तरतूद आहे. १९०९ सालच्या अमेरिकी कायद्याने असे ठरविले होते की, रचनेच्या धन्याने एकदा तिची ध्वनिमुद्रिका काढू दिली की, दर प्रतीमागे दोन सेंट मोजून कोणासही ती रचना मुद्रित करता यावी. म्हणजे गीत एकाचे, पण गाण्याची वाट सर्वांना मोकळी. जमिनीच्या वादात आपण मालकी वेगळी आणि वहिवाट वेगळी असे म्हणतो, तसाच हा प्रकार. मालकी दप्तरात नोंदलेली असते. वहिवाट मात्र चालणाऱ्याच्या पावलांनी सिद्ध होते.

या गीतावरची सर्वांत ठळक वहिवाट सिद्ध झाली १९६५ साली. ‘रायचस ब्रदर्स’ हे दोघे सख्खे भाऊ नव्हते. बिल मेडली आणि बॉबी हॅटफील्ड अशी ती जोडी. त्यांच्या एका तबकडीच्या मागल्या बाजूस ‘अनचेन्ड मेलडी’ घातले होते. कंपनीची भिस्त पुढल्या बाजूवर होती. परंतु नभोवाणीवरील निवेदकांनी तबकडी उलटली आणि मागली बाजू वाजविण्यास आरंभ केला. ते गीत हॅटफील्ड यांनी एकट्यानेच गायिले आहे. वाद्ये तीन तीन सुरांच्या झोक्यावर झुलत राहतात, आवाज आरंभी आवरलेला असतो आणि अखेरीस ते मूळ चाल सोडून एकदम वरच्या सुरात उसळी घेतात. तेथे सौंदर्यापेक्षा गरज अधिक ऐकू येते. पूर्वीच्या गायकांनी हे गीत चांगले गायिले होते. हॅटफील्ड यांनी ते असे गायिले की, जणू न गाता त्यांना राहवेना. आज पुष्कळांस हे गीत त्यांचेच वाटते, दहा वर्षे आधीचे गायक आठवतही नाहीत, याचे कारण हेच.

पुढे एल्विस प्रेस्ली यांनी १९७७ साली, म्हणजे आपल्या अखेरच्या वर्षी, हे गीत रंगमंचावर स्वतः पियानोवर बसून गायिले. शरीर थकलेले, श्वास अपुरा; पण ते ऐकताना शब्दांतील मंद सरकणारा काळ निराळाच वाटू लागतो. तेथे वाट पाहणारा माणूस प्रेयसीची वाट पाहत आहे की विश्रांतीची, हे सांगणे कठीण. शब्द तेच, चाल तीच. आणि तरीही अर्थाला नवे पान फुटले.

१९९० साली ‘घोस्ट’ या चित्रपटाने हॅटफील्ड यांचा १९६५ सालचा आवाज पुन्हा जगभर नेला. हे पुनरुज्जीवन व्यापारी होते यात शंका नाही. पण आमच्या मते ते न्याय्यही होते. त्या चित्रपटातील नायक मारला जातो आणि त्याचा आत्मा प्रेयसीच्या आसपास वावरतो. तो तिला पाहू शकतो, पण स्पर्श करू शकत नाही. गीतातील स्पर्शाची भूक येथे शब्दशः खरी ठरली. १९५५ साली दोघांच्या मध्ये तुरुंगाची शिक्षा होती, १९९० साली मृत्यू होता. जो धागा मूळ चित्रपटाने दिला होता, तोच पस्तीस वर्षांनी दुसऱ्या चित्रपटाने उचलला. त्या सुमारास एक चमत्कारिक गोष्टही घडली. जोडीने तेच गीत नव्याने मुद्रित केले आणि अमेरिकेत जुने व नवे अशी दोन्ही मुद्रणे एकाच वेळी पहिल्या विसांत जाऊन बसली. पंचविशीतील हॅटफील्ड आणि पन्नाशीतील हॅटफील्ड जणू एकमेकांचे प्रतिस्पर्धी झाले. दोन्ही ऐकून आमचा कौल जुन्याच्या बाजूने पडतो. नव्यात आवाजाची कसर नाही. पण वरच्या सुराची ती उसळी आता पूर्वसूचना देऊन येते. गायकाला ती कोठे येणार हे ठाऊक आहे आणि आपल्यालाही.

येथेच आम्हांस पुनरुज्जीवनाची कसोटी सापडते. जुने गीत पुन्हा गाणाऱ्याने आपली स्वतःची प्रतीक्षा त्यात आणली आहे, की केवळ आपल्या आठवणींवर तो गुजराण करीत आहे? पहिला वारस होय, दुसरा भाडेकरू. १९९५ साली ग्रीन आणि फ्लिन या दोन अभिनेत्यांनी ‘सोल्जर सोल्जर’ या दूरदर्शन-मालिकेत सैनिकांच्या भूमिकेत हे गीत गायिले. लोकांनी तबकडीची मागणी केली. आणि ती त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपली, सात आठवडे अग्रस्थानी राहिली. गायन नीटनेटके आहे, कानाला टोचत नाही; पण हॅटफील्ड यांची आठवण काढून घेतली तर फारसे शिल्लक राहत नाही. सतरा वर्षांच्या गेट्स यांच्याविषयी मात्र आम्ही इतके कठोर होऊ इच्छित नाही. दूरदर्शनवरील गायनस्पर्धेतून पुढे आलेला हा मुलगा बोलताना अडखळत असे, हे साऱ्या श्रोत्यांस ठाऊक होते. बोलताना ज्याचे शब्द अडतात त्याने वाट पाहण्याचे गीत अस्खलित गावे, यात काही सत्य होते. मुद्रणातील साजशृंगाराने ते सत्य बरेचसे झाकून टाकले, हा दोष त्याचा एकट्याचा नव्हे.

खपाचे आकडे या कसोटीच्या उपयोगी पडत नाहीत, हे यावरून ध्यानी यावे. त्याचप्रमाणे ‘जुने ते सोने’ हा आमच्या वयाच्या लोकांचा लाडका न्यायही उपयोगी पडत नाही. कारण हॅटफील्ड यांचे गायनही मूळ नव्हे, तेही पुनरुज्जीवनच होते. पुनरुज्जीवनास सरसकट विरोध करणाऱ्याने आपले आवडते गीत कितवे आहे, हे एकदा मोजून पाहावे.

हीच कसोटी आपल्या घरच्या गाण्यांस लावता येते. मंगेश पाडगावकर यांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांची चाल लाभलेले ‘शुक्रतारा मंद वारा’ हे युगुलगीत मूळचे इंदूरचे अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांनी गायिले. पुढे दाते यांनी त्याच नावाचा कार्यक्रम कित्येक वर्षे गावोगाव केला. सोबत गाणाऱ्या गायिका बदलत गेल्या आणि प्रत्येक नव्या आवाजागणिक ते मीलन नव्याने घडत राहिले. २०१८ साली दाते निवर्तले. गीत मात्र कोजागरीच्या बैठकींतून चालूच आहे. गोव्याकडे पाहावे तर क्रिस पेरी यांनी रचलेली आणि लॉर्ना यांनी गायिलेली कोंकणी गाणी १९६० आणि १९७० च्या दशकांत मुंबई-गोव्यातील वाद्यवृंदांनी घराघरांत पोहोचविली. २०१४ साली ‘नाचोंया कुंपासार’ या चित्रपटाने त्यांतील सुमारे वीस गाणी एका कथेत ओवली आणि ज्यांचा जन्मही त्या काळी झाला नव्हता ती मुले ती गाणी गुणगुणू लागली. आमच्या दृष्टीने हे पुनरुज्जीवन वारसाचे आहे. कारण ती गाणी केवळ शोभेसाठी वापरलेली नाहीत, कथेला त्यांची निकड आहे.

आपल्या कायद्यानेही या प्रश्नाचा विचार केला आहे. १९५७ सालच्या कॉपीराइट अधिनियमात २०१२ साली ‘३१-ग’ हे कलम घालण्यात आले. मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले, ते संपल्यावर पाच वर्षे लोटल्याखेरीज त्या रचनेचे दुसरे मुद्रण या कलमाखाली काढता येत नाही. स्वामित्वशुल्क आगाऊ भरावे लागते. शब्दांत वा चालीत मनमानी बदल करता येत नाही. आणि हे नवे मुद्रण आहे, असे वेष्टनावर स्पष्ट छापावे लागते. पूर्वी ही मुदत दोनच वर्षांची होती. मूळ कलावंत पायाभर उभा राहण्यापूर्वीच त्याच्या गाण्याची नक्कल बाजारात आणून त्याचा घास काढून घेण्याचे जे प्रकार आपल्याकडे कॅसेटच्या काळात बोकाळले, त्यांना आळा घालण्याच्या दृष्टीने हा बदल योग्यच म्हणावयाचा. कवीची आणि संगीतकाराची मिळकत सुरक्षित राहावी, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. झॅरेट यांनाही हा झगडा चुकला नाही. एका विद्युत्-अभियंत्याने, हे शब्द आपण तरुणपणी लिहिले असून ‘हाय झॅरेट’ हे आपलेच टोपणनाव आहे, असा दावा केला होता. निकाल खऱ्या झॅरेट यांच्या बाजूने लागला आणि २००७ साली नव्याण्णवाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले तोवर स्वामित्वधन त्यांनाच मिळत राहिले.

परंतु कायद्याची धाव येथवरच आहे. शब्द कोणाचे, चाल कोणाची, पैसा कोणाचा, एवढे न्यायालय ठरवू शकते. दुसऱ्यांदा गाणाऱ्याच्या गळ्यात खरी ओढ आहे किंवा नाही, हे कोणत्याही कलमाने ठरत नाही. तो निवाडा श्रोत्यानेच करावयाचा. म्हणूनच तरुण मंडळी जुनी प्रेमगीते नव्या वाद्यांवर गाऊ लागली की, वडीलधाऱ्यांनी लगेच कानांवर हात ठेवू नयेत, अशी आमची विनंती आहे. वाद्ये कोणती आहेत हा दुय्यम प्रश्न. गाणारा कोणाची तरी वाट पाहतो आहे काय, एवढेच ऐकावे. पाहत असेल, तर ते गीत त्याचेही आहे.